अस्तरातली बँक

३ जून, दुपार

आज दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. लोक किती पैसे शिल्लक टाकतात आणि ते कुठे ठेवतात, हे विचारत घरोघर हिंडते म्हणे. चोरसुद्धा इतकं तोंडावर विचारत नाही, पण हिला त्याचा पगार मिळतो. सुनेने सांगितलं, शिल्लक अशी काही नाही. मग तिने विचारलं, कमाई बंद पडली तर घर किती महिने चालेल? सून म्हणाली, चालतंच की. मुलगी माझ्याकडे वळली. मी लगेच बहिरी झाले. हवं तेव्हा होता येतं मला.

ती गेल्यावर मनात आलं, बँकेत पैसे ठेवणाऱ्याला पासबुक मिळतं, मग माझ्या बँकेला का नको? म्हणून ही वही. मला अक्षर येत नाही, नातीला लिहायला बसवलंय. अट एकच. तिने लिहायचं, वाचायचं नाही. नात म्हणते, आजी, लिहिताना वाचलं जातंच. म्हटलं, मग लिहून झालं की विसरून जा. कॉलेजात एरवी तेच तर करतेस.

४ जून

बँकेचा पत्ता: आमच्या ह्यांचा काळा कोट. हे जाऊन बरीच वर्षं झाली, कोट कपाटात तसाच टांगलेला. पैसे डाव्या बाजूच्या अस्तरात. खालच्या टेलरची काजं-बटणं मी घरी आणून करते. आठवड्याची मजुरी मिळाली की अस्तर बोटभर उसवायचं, नोटा आत सरकवायच्या, पुन्हा शिवून टाकायचं. माझा टाका भल्याभल्यांना दिसायचा नाही.

खऱ्या बँकेतही गेले होते एकदा. सुईने झिजलेला माझा अंगठा त्यांच्या मशीनला ओळखू येईना. जिला माझा अंगठा ओळखता येत नाही, ती माझे पैसे काय ओळखणार? समोरच्या काकू तांदळाच्या डब्यात ठेवतात, ते अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. टेलर मेव्हण्याकडे ठेवतो, म्हणजे ते आता मेव्हण्याचेच. माझं मात्र कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. नात सोडून. ती धरायची नाही.

ठराव: थंडीच्या आत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. स्वतःच्या पैशाने. मुलापुढे हात पसरायचा नाही. डॉक्टर म्हणतो, लांबवलंत तर काजं करणं विसरा.

१५ जून

मजुरी जमा. उसवण्याआधी शिवणीवरून बोट फिरवलं, तर टाके इतके बारीक आणि सरळ, की मीच चकित. माझा टाका पूर्वी जरा डावीकडे कलायचा. वयाबरोबर हात सुधारला म्हणायचा. आत काय आहे ते काढून बघत बसत नाही. वरून चाचपते, कुरकुर वाजतं, समाधान होतं. बँकेत पैसे ठेवणारा तरी रोज तिजोरीत डोकावतो का?

टेलरने काही शर्ट परत पाठवले. काजं वाकडी म्हणे. बिचाऱ्याला चष्मा लागलाय, कबूल करत नाही.

२ जुलै

चिरंजीवांची बढती झालेली दिसते. तोंडाने सांगत नाही, पण आई ती आई. कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे तो. पूर्वी अंधार पडल्यावर यायचा, आता भर दुपारी घरी. साहेब माणसांना वेळेचं बंधन नसतं. आल्यावर भाजी चिरतो, दिवे बंद करत फिरतो, बोलत नाही. जबाबदारी वाढली की माणूस गंभीर होतो.

समोरच्या काकू सांगत होत्या, तुमचा मुलगा बागेतल्या बाकावर एकटाच डबा खात बसला होता. म्हटलं, त्याला हल्ली बाहेरची कामं असतात. काकूंना काय कळणार. त्यांचा मुलगा अजून टेबलाला बांधलेला आहे.

११ जुलै

ऑपरेशन या महिन्यात नको. उकाडा आहे. डोळ्याला घाम येईल.

सुनेने घरात डाएट सुरू केलंय. दूध पातळ, तेल कमी, फळं बंद. टीव्हीवर काहीतरी पाहिलं असेल. पण बाई हुशार. नातीची कॉलेजची फी शेवटच्या दिवशी बरोबर भरली. कुठून आणते, कसं करते, तिचं तिला माहीत. माझ्या हाताखाली तयार झाली, दुसरं काय.

इथे नातीचं पेन बराच वेळ थांबलं. शाई संपली असावी. विचारलं तर म्हणाली, हो, शाईच.

२६ जुलै, सकाळ

घात झाला. चिरंजीवांनी कपाट उघडलं आणि म्हणाले, आज बाबांचा कोट घालतो, मोठी मीटिंग आहे. मी आणि सून एकदमच म्हणालो, "नको."

सुनेला सासऱ्यांच्या कोटाबद्दल इतका मान असेल असं वाटलं नव्हतं. ऊर भरून आला. ती म्हणाली, उकडेल. मी म्हणाले, कसर लागलीय. त्याने कोट अंगात चढवला. मग म्हणाला, "आई, अंगावर घालण्यासारखं माझ्याकडे दुसरं आहे काय?" आणि निघाला.

जिना उतरताना कोट वाजत होता. माझा उजवा डोळा पायऱ्या उतरून चालला होता आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती. सून दारात, मी तिच्या मागे. दोघी तशाच उभ्या.

२६ जुलै, संध्याकाळ

परत आला. कोट घामाने ओला. म्हणाला, समोरचे साहेब विचारत होते, कसला आवाज येतोय, खिशात वेफर्सचं पाकीट आहे का? म्हटलं, जुनी लोकर आहे, वाजायचीच. मीटिंग कशी झाली विचारलं. तर म्हणे, कळवतो म्हणालेत. मीटिंग कशी झाली हेसुद्धा दुसऱ्यांनी कळवायचं, ही नवीनच पद्धत. मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतंय.

कोट वाळत घालायला सून धावली. तिच्याआधी मी धावले. तिने बाह्या धरल्या, मी कॉलर. शेवटी मी सासू आहे.

चाचपलं. सगळं जागच्या जागी. उलट थोडं जाडच वाटलं.

९ ऑगस्ट

अस्तर खरंच जाड होतंय. जमा करते त्याच्या मानाने फुगवटा जास्त. नातीला म्हटलं, लिही, बरकत. बँक देते त्याच्यापेक्षा माझा कोट जास्त व्याज देतो. एवढ्यात दोन्ही डोळे होतील. उरलं तर सुनेला एक चांगली पर्स घेईन. बिचारीकडे ठेवायला काही नसतं, पण पर्स तरी असू दे.

नात म्हणाली, "आजी, तू एकदा आत बघ ना."

म्हटलं, विश्वासावर चालते बँक.

३ सप्टेंबर

आज चहात मीठ घातलं. डबे सारखेच दिसतात, त्याला मी काय करणार. चिरंजीव पूर्ण कप प्यायले, काही बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला कसंतरी झालं. लहानपणी हा चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचा.

पक्का ठराव. आता कारणं नाहीत. नातीबरोबर दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. आगाऊ पैसे भरायचेत. रुबाबात सांगितलं, रोख देईन.

२२ सप्टेंबर, सकाळ

सून बाजारात. चिरंजीव कामावर. कडी लावली, कोट मांडीवर घेतला आणि अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलं.

वर माझी परवाचीच मजुरी. तिच्याखाली कागद. नोटेच्या मापाने कापलेले, कडा सरळ, एकावर एक नीट रचलेले. नाकाशी धरला. वर्तमानपत्र.

नातीला विचारलं, काय लिहिलंय यावर? ती वाचेना. म्हटलं, वाच. एवढी वर्षं फी भरली ती कशाला?

"जागा भरणे आहे," तिने वाचलं. "स्टोअरकीपर. अनुभव आवश्यक. वय पस्तिशीच्या आत."

त्याच्याभोवती लाल पेन्सिलने गोल. गोलावर फुली. दुसरा कागद घेतला. गोल, फुली. तिसऱ्यावरही तेच. चिरंजीव रोज सकाळी पेपर घेऊन गॅलरीत बसतात, हातात लाल पेन्सिल असते. मला वाटायचं, कोडं सोडवतात.

विचारलं, कधीपासून? नात म्हणाली, कारखाना गेल्या थंडीतच बंद झाला, आजी. बाबांना या पैशांचं माहीत नाही. आईने कुठून आणले ते ती त्यांना सांगत नाही.

मग ते टाके खिडकीशी नेऊन डाव्या डोळ्याने पाहिले. बारीक, सरळ. माझे नव्हतेच. तिला लग्नानंतर पहिल्या वर्षी मीच बसवून शिकवले होते. टाका चुकला की बोटावर पट्टी बसायची. इतकी छान शिकली हे मला कुणी सांगितलं नाही.

सून यायच्या आत सगळं होतं तसं भरलं. कागदसुद्धा. शिवायला सुई घेतली. नातीने सुईत दोरा ओवून दिला.

२४ सप्टेंबर

डॉक्टरांना निरोप पाठवला, सध्या जमत नाही. नातीला कारण लिहायला सांगितलं: डॉक्टर फार पोरगेला आहे, हात कापत असेल. शिवाय सुईत दोरा ओवताना तसाही एक डोळा मिटावाच लागतो. म्हणजे दुसऱ्याची गरज लोक म्हणतात तेवढी नाही.

सुनेने विचारलं, "आई, डोळ्याचं कधी करायचं?"

"पैसे आहेत माझ्याकडे," मी म्हणाले. "घाई काय आहे."

ती सिंककडे तोंड करून एकच पातेलं बराच वेळ घासत होती. ते आधीच स्वच्छ होतं. तेवढं मला दिसतं.

३० सप्टेंबर

टेलरने काजं काढून घेतली. यापुढे नुसती बटणं. बटणाची भोकं चाचपून सापडतात, त्याला डोळे लागत नाहीत. मजुरी कमी. असू दे, हलकं काम आहे.

मिळाले ते अस्तरात जमा केले. कागदांच्या वर. नात म्हणाली, आजी, आता तुला सगळं कळलंय, मग सरळ आईच्या हातात का देत नाहीस? म्हटलं, हातात दिले तर तिला घेता येणार नाहीत. आणि बोलाबोली झाली की मुलाच्या कानावर जाईल, मग त्याने कोणत्या तोंडाने घरी यायचं? कोटातून काढायची तिला सवय झाली आहे. ठेवायची मला आहे. चालू बँक बंद कशाला करा?

फक्त या वेळी टाके लांब लांब घातले. सैल. उसवताना तिला फार वेळ लागायला नको.