बेळगावचं किरण

१२ जून २००७
आठवी ड. मराठीच्या बाई म्हणाल्या रोज चार ओळी लिहा, शुद्धलेखन सुधारतं. रोज होणार नाही.
रेणुअक्का आजपासून आमच्याकडेच राहणार. अण्णांच्या मोठ्या भावाची, थोरल्या अप्पांची मुलगी. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. हुपरीहून रोज एस.टी.नं यायची, उभी राहून. अण्णा म्हणाले, घर हाय की आपलं, कशाला हेलपाटे. माझ्या खोलीत तिची ट्रंक आली. मला माझी जागा कमी झाली म्हणून राग यायला हवा होता, आला नाही. नाव लांब आहे, इथं नुसतं रे.

२० जून
घरच्या कॉम्प्युटरला नेट आलं. अण्णा म्हणतात दुकानासाठी घेतलंय. आमचं मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, लेस, बटणं. त्याला नेट कशाला ते त्यांनाच माहीत.
वर्गातल्या प्राचीनं एक साइट सांगितली. लहान मुलींची आहे. आपली एक बाहुली करायची, तिला कपडे घालायचे, खोली सजवायची, दुसऱ्यांच्या खोलीत जाऊन लिहून यायचं. कुठल्या कुठल्या देशातल्या मुली आहेत. मी माझी बाहुली केली. केस सोनेरी केले. रे मागून बघत होती. म्हणाली, "हिला जरा आपल्यातली कर की." केस काळे केले. मग छान दिसली.

५ जुलै
आता बाहुली दोघींची. मी शाळेत असताना रे खेळते, पण ती खेळते म्हणणं बरोबर नाही. तिथं कापड रंगवायची सोय आहे, माउसनं. ती तासभर एक काठ काढत बसते. साइटवर साडीच नाही. रे नं लांब परकर, स्कार्फ आणि एक पडदा (खोलीच्या सामानातला!) असं एकमेकांवर ठेवून इरकल साडी केली. खरीच वाटते. अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, पेटीतली असते तशी.
आई म्हणाली, एवढं लक्ष अकौंटच्या पुस्तकात घाल.

११ जुलै
आमच्या बाहुलीच्या खोलीत कुणीतरी मराठीत लिहून गेलंय. अक्षरं इंग्रजी. "पदराच्या टोकाला पांढरे दात काढ, मग खरी इरकल." नाव किरण, गाव बेळगाव. त्यांची बाहुली पण काळ्या केसांची, अंगावर कोट.
रे दिवसभर खूश. "ह्यांना टोपाचा, दातांचा पदर कळतो बघ," म्हणाली. लगेच पदरावर दात काढले.

२८ जुलै
किरण आणि रे रोज लिहितात. सगळं कापडाचंच. खणाचा फ्रॉक करता येईल का. बाही कुठं संपवायची. मला कंटाळा येतो वाचून. मी बाहुलीला बूट घातले की रे काढून टाकते, म्हणते साडीवर बूट घालतात का. आज जरा भांडलो.

३ ऑगस्ट
साइटच्या पहिल्या पानावर आमची बाहुली. लग्नाच्या कपड्यांची स्पर्धा होती. इरकल नेसून उभी, बाजूला परदेशातल्या पांढऱ्या गाऊनवाल्या. किरणनं सगळ्यांच्या खोल्यांत जाऊन मतं मागितली म्हणे. रे नुसती बघत बसली होती. डोळ्यांत पाणी. मी प्राचीला फोन केला, प्राचीच्या आईलापण सांगितलं.
रे हळूच म्हणाली, किरण सांगत होतं पुण्याला फॅशनचा कोर्स असतो. बारावीवर घेतात. तिथं शिकून कपडे डिझाइन करायचं काम मिळतं, खरोखरच्या माणसांचे.

४ ऑगस्ट
जेवताना मीच बोलले. पहिल्या पानाचं सांगितलं, किरणनं मतं गोळा केली ते सांगितलं, पुण्याचा कोर्स पण सांगितला. मला वाटलं रे ला बोलायची भीती वाटते तर आपण बोलू.
अण्णांचा घास हातात राहिला. "कोण किरण?"
"बेळगावचं."
"बेळगावचा का बेळगावची?"
"ची," म्हणाले मी.
"बघितलीस?"
"बाहुली बघितली."
आई पाणी आणायला उठली. रे भात कालवत राहिली. बोलायला पाहिजे होतं तिनं.

५ ऑगस्ट
अण्णांनी मला कॉम्प्युटर लावायला सांगितला आणि सगळं वाचलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांना पटकन लागत नाही, मी वाचून दाखवत होते. एका ठिकाणी थांबवलं. "उद्या दुपारी येतो, तोवर पदर पुरा कर."
"येतो लिवलंय," म्हणाले.
म्हटलं, अण्णा, आपण पण तसंच बोलतो की. आई बाजारला जाताना 'जाऊन येतो' म्हणते. मी पण म्हणते. शाळेत बाई लिहायला 'येते' लावतात म्हणून इथं लिहिते.
"बोलायचं येगळं, लिहायचं येगळं. पोरगी असती तर येते लिहिली असती."
पुढं पुण्याचं वाचलं. आपण दोघं जाऊ, असं होतं. मी 'दोघी' वाचणार होते. पण अण्णा बघत होते स्क्रीनकडं.

६ ऑगस्ट
थोरले अप्पा हुपरीहून आले. चांदीच्या कारखान्यातलं काम टाकून, हाताला पैंजणांच्या पॉलिशचा काळा रंग तसाच. आमच्या हॉलमध्ये बसले आणि मोठ्यानं बोलले, म्हणजे खाली दुकानातसुद्धा ऐकू गेलं असणार. पोरगी शिकाय ठेवली की असलं धंदं. अण्णांना पण बोलले. अण्णा खाली मान घालून.
रे एवढंच म्हणाली, "अप्पा, ती मुलगी हाय."
"फोटो हाय का?"
फोटो नाही. तिथं कुणाचाच नसतो. माझापण नाही.
नेटची वायर काढली.

७ ऑगस्ट
रे ला म्हटलं, माझ्यामुळं झालं. ती केस विंचरत होती. म्हणाली, "तू खरंच सांगितलंस की." मग माझी पण वेणी घातली, घट्ट, शाळेला उशीर होईपर्यंत.
रागावली असती तर बरं.

२६ ऑगस्ट
वारणानगरहून पावणं आले, रे ला बघायला. मुलगा साखर कारखान्यात, लॅबमध्ये आहे. सहा जण आले होते, पोहे संपले, आईनं घाईनं शिरा केला. मुलगा फार बोलला नाही. जाताना रे ला एकच विचारलं, शिकायचं आहे का पुढं. रे नं अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "लग्नानंतर बघा की तुमचं तुम्ही." सगळे हसले.
पसंत.

२५ सप्टेंबर
साखरपुडा झाला. घटक चाचणी सुरू, जमेल तसं लिहीन.
रे बरोबर दुकानात गेले होते. स्वतःच्या लग्नाच्या ब्लाउजचं कापड, पायपिंग, सगळं तिनं निवडलं. अण्णा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्या पोरीचं मॅचिंग बघा, नजर बघा कशी हाय. रे नं पायपिंगचं रीळ खाली ठेवलं. मी दुसरीकडं बघितलं. अण्णांना काही कळलं नाही की कळलं, काय माहीत.

९ डिसेंबर
लग्न झालं. हुपरीत, मंडपात. मठाचे स्वामी आले होते, विभूती लावली, अक्षता टाकल्या. रे फार सुंदर दिसत होती. ब्लाउजच्या पाठीवर तिनं स्वतः केलेलं काम, बायका जवळ येऊन बघत होत्या.
निघताना थोरले अप्पा लहान मुलासारखे रडले. त्यांनीच लग्न लावलं आणि तेच का रडले असं मला वाटलं. आता लिहिताना ते बरोबर वाटत नाही. बाप आहेत.
खोलीत ट्रंकेची जागा मोकळी. मला नको आहे ती.

१६ जून २००८
नववी. प्रोजेक्टसाठी नेट परत घेतलं, म्हणजे मी हट्ट केला. अण्णा म्हणाले, त्या बाहुल्या न्हाईत पायजेत. हो म्हणाले. आणि ते दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तेच उघडलं.
बाहुली तशीच उभी. खोलीत किरणचं लिहिलेलं खूप साठलंय. कुठं हायस. आजारी हायस का. रागावलीस का. मी काय चुकलो. मग गणपतीच्या, दिवाळीच्या शुभेच्छा. मग पुण्याच्या कोर्सची शेवटची तारीख. एका ठिकाणी घरचा फोन नंबर, "बोलायचं असलं तर." मग काही नाही.
 त्याला, तिला, कुणी सांगितलंच नव्हतं.

१७ जून
लिहिलं. मी अक्षता, धाकटी बहीण. अक्काचं लग्न झालं. ती इथं येत नाही. सॉरी.
कारण लिहिलं नाही. काय लिहिणार, तू मुलगा आहेस असं घरच्यांना वाटलं म्हणून?

२३ जून
उत्तर आलं. एकच ओळ. "लग्नात काय नेसली?"
खूप वेळ बघत बसले. मुलानं हे विचारलं असतं का. मग वाटलं, कपड्यांचं वेड असलेल्या मुलानं विचारलं असतं. मग वाटलं, मी पण अण्णांसारखंच करायला लागले.
सांगितलं. हिरवी इरकल, लाल पदर, पांढरे दात. पाठीवर काम तिचं स्वतःचं.

३० ऑगस्ट
किरणचं पुन्हा काही नाही. कोट घालून बाहुली उभी असते, शेवटी कधी आली ते खाली लिहून येतं. जूनच.
प्राचीनं ही साइट सोडली, म्हणते बाळबोध आहे. मी पण नवीन काही घालत नाही बाहुलीला. नुसती जाऊन बघते.

१८ ऑक्टोबर
आज धीर केला. अण्णा मालाला मुंबईला, आई हळदीकुंकवाला. तो नंबर लावला.
एक म्हातारा माणूस. मागं कन्नडमध्ये कुणीतरी बोलत होतं.
"किरण आहे का?"
"किरण व्हय? न्हाय. ते हुबळीला गेलंय. आता तकडंच असतंय."
ते. गेलंय. माझ्या आजोळी पण सगळ्या पोरांना असंच म्हणतात, पोरगा असो पोरगी असो.
"कोन बोलतंय?"
"मैत्रीण."
"किरणची मैत्रीण?" म्हणाले, आणि थांबले. मला वाटलं आता काही सांगतील. "बरं. आलं की सांगतो."
विचारायला पाहिजे होतं सरळ. तोंडात आलं होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचं, तुमचं किरण मुलगा का मुलगी?

२ मे २००९
सुट्टीत वारणानगरला आले, रे कडं. कॉलनीत दोन खोल्या. सासूबाई गुडघ्यामुळं खाटेवरच, पण प्रेमळ. दाजी चांगले आहेत. मी वाईट आहेत का ते बघायला आले होते बहुतेक. मुलगी सहा महिन्यांची झाली, सारखी हसते.
खिडकीत शिलाई मशीन. दाजींनी घेतलंय. रे कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तेच ते, साधे. म्हटलं, पाठीवर काम करतेस का कुणाच्या? म्हणाली, "एवढं कुणाला पायजे इथं. बाही लांब ठेव, गळा वर घे, झालं."

३ मे
आज सांगितलं. नंबर, म्हातारा, हुबळी, सगळं. ती बाळाचे लंगोट वाळत घालत होती. हात थांबले नाहीत.
म्हटलं, अक्का, तुला काय वाटतं? मुलगी होती ना?
तिनं पुढचा लंगोट झटकला. मग म्हणाली, "तुमी सगळ्यांनी तेवढंच विचारलं बघ. अण्णांनी, अप्पांनी, तू पण." चिमटा लावला. "माझ्याशी कापडाचं बोलणारं एक माणूस होतं. पोरगी का पोरगा, ते मला कदी विचारावंसंच वाटलं न्हाय."
मी तिच्या हातात पुढचा चिमटा दिला.
नंतर स्वयंपाक करताना, पाठमोरीच, "नंबर हाय का अजून?"
दिला लिहून. डाळीच्या डब्याखाली ठेवला तिनं. दाजी समोरच बसले होते. त्यांनी बघितलं आणि बाळाला मांडीवर घेतलं.

१४ जुलै
दहावी. क्लास, शाळा, परत क्लास. अण्णा आज जेवताना म्हणाले, रेणूला आपल्या दुकानात बसवली असती तर दुकान वर आलं असतं. आई म्हणाली, जेवा. अण्णा जेवले. हात धुताना मला म्हणाले, "ती बेळगावची पोरगीच आसंल, न्हाय?"
दोन वर्षांनी.
मी म्हणाले, माहीत नाही अण्णा.
ते मोरीपाशी टॉवेल घेऊन उभे राहिले. मला पुढं काहीतरी बोलावंसं वाटलं, त्यांच्यासाठी. मी ताटं उचलली.

४ ऑक्टोबर
दुपारी दुकानातल्या फोनवर रे चा फोन. आईशी बोलली, बाळाचे दात, सासूबाईंचे गुडघे. मग मला बोलवलं.
"फोन लावलेला त्या नंबरवर," म्हणाली.
"मग?"
"किरणच होतं. सणाला आलंय घरी."
 मागं बाळ रडायला लागलं, सासूबाईंची हाक.
"काय बोललात?"
"बोललो की. लई वेळ." आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही. रडलेली वाटत होती, पण हसत पण होती. "भेटल्यावर सांगतो." आणि ठेवला.
अण्णा काउंटरवर बसून माझ्याकडं बघत होते.   ते लेस मोजायला लागले आणि मोजताना चुकले, परत पहिल्यापासून सुरू केलं.
दिवाळीला येणार होती रे. आता आई म्हणते कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतोय, दाजींना सुट्टी मिळणार नाही. संक्रांतीनंतर बघू, म्हणाले दाजी.