समर्थची आये

मंडणगड,
दि. ८ नोव्हेंबर २०२४

ती. आये यांना,
सा. न. वि. वि.

दिवाळीची रजा संपवून दवाखान्यात रुजू झाले. तुम्ही बांधून दिलेले सुके बांगडे पोचले. त्यांच्या वासाने एसटीत शेजारची बाई उठून मागे गेली, त्यामुळे मला ऐसपैस बसता आलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या दीपकभाऊजींना मध्ये घालून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं पोर असून समर्थ मला राजश्री म्हणतो. घरात सगळे मला राजश्री म्हणतात आणि मी तुम्हाला आये, तोही तेच शिकला. शेजारीपाजारी हसले, मीही हसले, पण एसटीत बसल्यावर मला रडू आवरलं नाही. भूक लागली, झोप आली, की तो आये म्हणत तुमच्याकडे धावतो आणि मी पाहुणीसारखी बघत उभी राहते.

आमच्या यवतमाळकडे आईला माय म्हणतात. लग्नानंतर बोलता बोलता माझ्या तोंडून तो शब्द गेला, तेव्हा आपल्या घरात सगळ्यांना हसू आलं होतं. तेव्हापासून मी तो बोलण्यात कधी काढला नाही. तुमच्याकडे आई म्हणजे आये. तर मग मला समर्थची आये व्हायचं आहे. तुम्ही त्याला आजी म्हणायला शिकवा, एवढंच मागणं.

राग मानू नका. माया होती तशीच असू द्या.

आपली,
राजश्री

*

पावस,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. राजश्रीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. समर्थ बरा आहे, मऊ भात पोटभर खातो. थंडी अजून नाही, त्यामुळे कलमांना मोहराचा पत्ता नाही.

आता तुझ्या मागणीचं. तुझं म्हणणं बरोबर आहे आणि म्हणूनच मला राग आला. चुकीचं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

माझ्या माहेरी हर्ण्याला आम्ही आईला बाय म्हणायचो. इथे आले तर घरात आये एकच, माझी सासू. तिघे दीर मला वहिनी म्हणत, ते ऐकून माझा नितेशही वहिनी म्हणायला लागला. सासूसमोर मी काय बोलणार? पुढे बदलेल म्हटलं, ते राहूनच गेलं. अजूनही जहाजावरून फोन केला की तो दीपकला वहिनी जेवली का असंच विचारतो. त्याच्याबरोबरच्या खलाशांना वाटत असेल, याला वहिनीचा भारी पुळका.

सासू गेली, दीर मुंबईला गेले. तू आलीस आणि मला आये म्हणालीस. बरं वाटलं, पण सुनेने म्हणणं वेगळं आणि पोराने म्हणणं वेगळं. पोराच्या तोंडून हा शब्द मला साठी उलटल्यावर ऐकायला मिळाला, तोही अर्ध्या कानाने. त्याने हाक मारली की मला ऐकू आलं तरी मी दोनदा विचारते, म्हणजे तो परत म्हणतो.

बालवाडीत जाईपर्यंत राहू दे गं. मग तू म्हणशील तसं.

जिवाला जप, जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
आये

*

मंडणगड,
दि. २६ नोव्हेंबर २०२४

ती. आये यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तरी मी माझा हट्ट सोडत नाही.

ह्यांनी तुम्हाला वहिनी म्हटलं, पण ते तुमच्या हातचं जेवून मोठे झाले. तुम्ही रोज त्यांच्याजवळ होतात. मी महिन्याकाठी दोन दिवस येते. त्याला न्हाऊ घालत नाही, भरवत नाही, ताप आला तर मला दुसऱ्या दिवशी कळतं. मग माझ्यासाठी उरलं काय? नुसती हाक. तीही तुमच्याकडेच राहिली तर मी त्याची कोण?

इथे सगळे मला सिस्टर म्हणतात. खोलीवर आले की कुलूप काढायचं, भात लावायचा, परत कुलूप लावून कामावर जायचं. बोलायला माणूस नाही. बालवाडीपर्यंत थांबलो तर त्याची सवय मोडणार नाही. तुमचं आणि ह्यांचं तसंच झालं ना?

जास्त लिहिलं असेल तर सुनेचं म्हणून पोटात घाला.

आपली,
राजश्री

*

पावस,
दि. ६ डिसेंबर २०२४

चि. सौ. आयेस,
अ. उ. आ.

मायना वाचून दचकू नकोस. या घरात तुझं नाव घेणं बंद झालं आहे. आपण म्हटल्याशिवाय पोर कसं म्हणणार? म्हणून मी तुला आये म्हणते आणि शेजारी दीपकच्या घरीही तसं बजावून आले. सुनेला आये म्हणणारी सासू अख्ख्या जिल्ह्यात आपण पहिलीच पाहतोय, असं दीपक म्हणाला. दिवे लागले की मी समर्थला तुझा फोटो दाखवते आणि आये कुठे आहे ते विचारते. तो बोट लावतो.

मला आये म्हणून हाक मारली की मी ओ देत नाही. पहिल्या दिवशी त्याने पदर ओढला, मग समोर येऊन माझं तोंड धरलं, मग रडला. मी भांडी घासत राहिले. आजी म्हटलं की लगेच उचलून घेते. पोरगं हुशार आहे, लवकर शिकेल.

तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, मान्य केलं आहे. तब्येत सांभाळ.

समर्थची आजी

*

मंडणगड,
दि. १९ डिसेंबर २०२४

ती. आये यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. तो रडत होता आणि तुम्ही भांडी घासत होतात, हे डोळ्यांपुढून हलत नाही. मी असं सांगायला नको होतं.

इथे बाळंतपणाला बायका येतात. कळा वाढल्या की कुणी आये म्हणतं, कुणी अम्मी. परवा रस्त्याच्या कामावरची एक बाई आली. नाव-गाव विचारलं तर धड बोलेना, आणि कळ आल्यावर माय वं म्हणून ओरडली. आमच्याच बाजूची होती. माझी माय गेल्यापासून तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिला मुलगी झाली. मी बाहेर येऊन नळाशी तोंड धूत उभी राहिले. समर्थच्या वेळी मीही तेच ओरडले होते, आणि त्या दिवशी तुम्हाला हसू आलं नव्हतं. तुम्ही माझा हात धरून ठेवला होता.

माझा शब्द टाकून मी तुमचा मागत बसले. समर्थला मला माय म्हणू द्या. कुणी हसलं तर हसू द्या. आये तुम्हीच. पत्र हातात पडेल तेव्हा त्याला जवळ घ्या आणि हाकेला ओ द्या.

चुकलं असेल तिथे कान धरा, पण अंतर देऊ नका.

तुमची,
राजश्री

*

पावस,
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. राजश्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मोहर आता छान आला आहे, दीपक फवारणीच्या धावपळीत आहे.

पत्र वाचल्या वाचल्या मी समर्थला मांडीवर घेतलं आणि मीच आये असं सांगितलं. तो हसला आणि आजी म्हणाला. रोज सांगून पाहिलं. त्याला वाटतं मी त्याची गंमत करते. माय म्हणायलाही शिकवलं. म्हणतो, पण मांजरालाही म्हणतो. शिकवताना मीच घाई केली, तुला दोष नाही.

काल तो पायरीवरून पडला. गुडघा खरचटला, फार नाही, हळद लावली आहे. पडला तो आये म्हणून ओरडला. मला वाटलं, आठवली मी. हातातलं टाकून धावले, उचलायला वाकले, तर त्याने माझे हात ढकलले. रडत रडत फाटकाशी गेला आणि तू एसटीला जातेस त्या रस्त्याकडे तोंड करून आये, आये म्हणत राहिला. मी शेजारीच उभी होते. किती वेळ हाका मारत होता.

तू मागितलंस ते झालं आहे. आता नको म्हणून चालणार नाही. मला त्याचा फार लळा आहे, घर त्याच्याशिवाय खायला उठेल, पण हाक तुला आणि तू तिथे, असं लेकराचं होऊ द्यायचं नाही. तिथे दिवसा सांभाळणारी चांगली बाई बघ आणि त्याला घेऊन जा. त्याचे कपडे धुऊन, घडी करून ठेवले आहेत.

न्यायला येशील तेव्हा एक दिवस जास्तीची रजा काढून ये.

समर्थची आजी