भुकटीवाले, एक पाऊल पुढे

डॉक्टर,

एक माणूस बरा झाला की त्याची मिरवणूक काढायची आणि बाकीच्या खाटांकडे ढुंकूनही पाहायचं नाही, या आपल्या लोकांच्या सवयीवर तुम्ही चिडायचात. आता मी चिडतो. आज साताऱ्यात एका नव्या काढ्याची सभा होती. व्यासपीठावर एक ठणठणीत गृहस्थ उभे केले होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. मी उठून विचारलं, "हा काढा घेतलेले बाकीचे लोक कुठे आहेत?" संयोजकाने मला बसवलं. इतकी वर्षं भाषणं करून घसा बसला, पण हा एक प्रश्न मला लोकांच्या गळी उतरवता आलेला नाही. घरी आलो तो चरफडतच, आणि तुम्हाला लिहायला बसलो.

सांगलीजवळचं तुमचं क्षयाचं रुग्णालय आठवतं. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि जोरात मागितलं की सगळं मिळतं, असं मला वाटायचं. माझा दादा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतला तो खोकला घेऊन. वॉर्डातले निम्मे लोक त्याच्यासारखेच पलटणीतले. मुंबईहून क्षयावरचं नवं औषध म्हणून एक पांढरी भुकटी आली होती. चिठ्ठ्या टाकून तुम्ही निम्म्या रोग्यांना ती दिलीत, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या साध्या पुड्या. कोणाला काय मिळतंय हे फक्त नर्सबाईंना माहीत. आणि थोड्याच महिन्यांत खंडाळ्याकडचे एक सुभेदार असे भरले, की त्यांचा सदरा अंगात शिरेना. त्यांना भुकटीच मिळाली असणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी वाईच्या घाटावर सभा घेतली. दादाला भुकटी मिळालीच पाहिजे, सगळ्यांना मिळाली पाहिजे! तिथून थेट तुमच्याकडे आलो, आवाज अजून चढलेलाच होता. तुम्ही चष्म्यावरून पाहत म्हणालात, "तुझं भाषण वजनकाट्यावर ठेवून बघू का? उद्या सकाळी ये."

सकाळी तुम्ही वॉर्ड अंगणात काढलात. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त वाढलं तो उजव्या टोकाला, ज्याचं सगळ्यांत जास्त घटलं तो डाव्या टोकाला, मधले सगळे त्या क्रमाने. जे उठू शकत नव्हते त्यांच्या खाटा आम्ही ओढून आणल्या. आणि पहिल्याच झटक्याला सगळं बिघडलं. पलटणीतली माणसं सवयीने हुद्द्याप्रमाणे उभी राहिली. सुभेदार, मग जमादार, मग हवालदार. एक हडकुळा शिपाई, पण वजनवाढीत सुभेदारांच्या खालोखाल, पार शेवटी जाऊन ताठ उभा.

"अरे, तुझी जागा दुसरी, सुभेदारांच्या शेजारी."

"आवं डॉक्टर, जमादारसायबांच्या म्होरं मी कसा हुबा ऱ्हाऊ?"

जमादार खोकत खोकत म्हणाले, "ऱ्हा रं गड्या. हितं कुणाला सलाम ठोकायचाय?" सगळी रांग हसली, दादासुद्धा. लय दिवसांनी हसला होता.

रांग लागल्यावर तुम्ही हुकूम सोडलात, "भुकटीवाले, एक पाऊल पुढे!" नर्सबाई एकेकाला खूण करत गेल्या. सुभेदार पुढे आले. मी टाळी वाजवली. दुसरा, तो हडकुळा शिपाई, जागचा हलला नाही. तिसरा नाही. चौथा आला. मग असेच, एखादा पुढे, एखादा मागे, वरपासून खालपर्यंत पत्ते पिसल्यासारखे. भुकटीत गुण असता तर तिचे लोक उजवीकडे गोळा झाले असते. दादाची खाट डाव्या टोकाजवळ होती. त्याला साधी पुडी मिळाली होती. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर भुकटी घेतलेले.

तुम्ही जागांना क्रमांक दिलेत, दोन्ही गटांच्या क्रमांकांच्या बेरजा केल्यात आणि म्हणालात, नुसत्या चिठ्ठ्या उधळल्या असत्या तरी बेरजांत एवढा फरक पडला असता. परदेशातून आलेली ही नवी रीत तुम्ही नुकतीच वाचली होती. मी ओरडलो, "वाढलेल्या वजनाची सरासरी काढा! सरासरीत भुकटी जिंकते!"

"सरासरीत सुभेदार जिंकतात," तुम्ही म्हणालात. "त्यांच्या घरून रोज तूप येतं. ते कितीही भरले तरी या रांगेत त्यांची जागा एकच."

"म्हणजे भुकटी खोटी?"

"खोटी आहे असं नाही म्हणत. खरी आहे असं दिसत नाही. आणि उलट्या मात्र होतात. तुझ्या भावाच्या पोटात दोन घास राहतायत, तेवढे राहू दे."

'दिसत नाही.' हे काय उत्तर झालं, डॉक्टर? मी 'हो' किंवा 'नाही'वर जगणारा माणूस. पावसाळा संपायच्या आत दादा गेला. पुढे तुम्हालाही त्याच रोगाने नेलं. तुमची रीत मी पुस्तकांतून शिकलो, शाळांतून, बाजारांतून सांगत फिरलो, कारण ती बरोबर आहे. एका सुभेदाराने आख्खा वॉर्ड झाकू नये, यासाठी माझा घसा झिजला आणि उरलाय तोही झिजू दे. लोक ऐकत नाहीत याचा संताप होतो. पण खरा संताप त्याचा नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. व्यासपीठावर हे मी कधी बोलणार नाही. तुमचा हिशेब मला पटलेला आहे, पुरता पटलेला आहे. तरीही एवढं करा. त्या सकाळी अंगण रिकामं झाल्यावर, कोणी बघत नसताना, दादाला भुकटीची एक पुडी द्या.