गळ्यात हार असलेला माणूस

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून मी आर्टिस्ट. ही डायरी त्यासाठीच. मोठी माणसं सुरुवातीच्या दिवसांचं लिहून ठेवतात, पुढे मुलाखतीत कामाला येतं.

आयडिया: जुन्या वस्तूंची लॉकेट. बंद पडलेल्या, झाकणवाल्या खिशातल्या घड्याळाची पितळी डबी घ्यायची, आत घरच्या माणसाचा फोटो, वरून रेझिन. दोन बाटल्यांतलं पाणी मिसळून ओतलं की काचेसारखं घट्ट होतं. रीलमधली मुलगी चाळीस सेकंदांत करते. मला एक मिनिट धरू.

मनालीताई म्हणाली, "आयटीआय अर्धं सोडलंस, तळोज्याची नोकरी अकरा दिवस, मोमोचा स्टॉल दीड आठवडा. हे किती दिवस?" मी म्हणालो, ह्या वेळी पॅशन आहे. ती म्हणाली, मोमोच्या वेळीपण पॅशनच होतं, वास अजून पडद्याला येतो.

ताईला व्हिजन नाही. घर तिचं आहे म्हणून हे फक्त इथे लिहिलं.

६ नोव्हेंबर

पहिली ऑर्डर! समोरच्या वेणूमावशी. त्यांच्या राजलक्ष्मीचं लग्न तीस तारखेला, हळद आदल्या दिवशी. मावशींचे मिस्टर, सयाजीकाका, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. राजलक्ष्मी दहा महिन्यांची असताना गेले. मावशी म्हणाल्या, "पोरीनं बाप बघितलाच न्हाई. हळदीला गळ्यात त्येचं तोंड असू दे."

काकांचा फोटो एकच. जगात एकच. मार्केटातल्या टोळीचा, अकरा हमाल ओळीत उभे. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेला. मावशींनी तीनदा बजावलं, "कापी काढून घे, आन् ह्यो जसाच्या तसा परत दे." मी म्हणालो, मावशी, टेन्शन घेऊ नका.

काका ह्यातले कोणते, ते त्या दाखवणार एवढ्यात हॉलवाल्याचा फोन आला. त्या जेवणाच्या ताटांवरून त्याला झापत बसल्या. मी निघालो. प्रोफेशनल माणूस ताटकळत बसत नाही.

९ नोव्हेंबर, दुपार

पावणे एमआयडीसीत गेलो. अब्दुर्रहमानचाचांकडे भंगारात जुनी घड्याळं असतात. गेलो डबी आणायला, आणलं डबी आणि ट्रकचा हॉर्न. फार सुंदर हॉर्न आहे. चाचा बोलले, "बेटा, लॉकेट में हॉर्न लगाएगा क्या?" व्हिंटेज म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, म्हणून तर त्यांच्याकडे स्वस्त मिळतं.

हॉर्न वाजतो. ताईला आवडला नाही.

१३ नोव्हेंबर

नाव ठरलं: आठवण बाय सनी. लोगोवर चार दिवस गेले. आधी मोर, मग मोर काढून घड्याळ, मग घड्याळावर मोर. ताईने विचारलं, लॉकेट कुठंय? म्हणालो, पाया भक्कम नको का आधी?

१७ नोव्हेंबर

एक्स्पोर्टचा विचार आत्ताच केलेला बरा. बाइक काढून जासईला गेलो, कंटेनर यार्ड बघायला. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, काय पाठवायचंय? म्हणालो, लॉकेट. किती? म्हणालो, सध्या एक. तो हसला नाही. त्याने आतून दुसऱ्या सिक्युरिटीला बोलावलं आणि म्हणाला, "ह्याला पुन्हा विचार."

परतताना खाडीत बगळे फार छान होते. संध्याकाळ त्यात गेली. निसर्ग हा आर्टिस्टचा क्लासरूम.

२२ नोव्हेंबर

रेझिनची ट्रायल घेतली, ताईच्या दुधाच्या पातेल्यात. बाटलीवर प्रमाण लिहिलंय, पण मी अंदाजाने घालतो, आजीपण मीठ अंदाजानेच घालायची. चमचा आता पातेल्यात उभा आहे. कायमचा. निष्कर्ष: माल एक नंबर.

ताई पातेलं घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. खाली हौसेरावकाका मांडववाल्यांना ओरडत होते. हे सयाजीकाकांचे चुलतभाऊ. टक्कल, पांढऱ्या मिशा, पोट. राजलक्ष्मीचं कन्यादान तेच करणार. मला बघून म्हणाले, "काय रं कलाकार, लॉकेट झालं का माझ्या भावाचं?" म्हणालो, फिनिशिंग चालू आहे. खोटं नाही. सुरुवात केली की लगेच फिनिशिंगच.

२६ नोव्हेंबर

आज फोटो नीट बघितला. अकराजण, अकरा पांढऱ्या टोप्या, अकरा मिशा. मावशींना जाऊन विचारलं असतं, पण वीस दिवसांनी "कोणते हो काका?" विचारणं बरं दिसत नाही. डोकं चालवलं. एकाच्याच गळ्यात झेंडूचा हार आहे. फोटोत हार कोणाला असतो? आमच्या हॉलमध्ये आजोबांना आहे. खाली डॉक्टरकडे त्याच्या वडलांना आहे. हार म्हणजे गेलेला माणूस. लॉजिक क्लिअर.

फोटो काढला तेव्हा तर काका जिवंतच असणार, हा पॉइंट मनात आला होता. पण तेवढ्यात सिलिंडरवाला आला.

२८ नोव्हेंबर, सकाळ

कॉपी काढायचं रद्द केलं. ओरिजिनल कागदात जो फील आहे तो झेरॉक्समध्ये नाही. मावशींनी कॉपी म्हटलं होतं, पण कस्टमरला काय हवंय ते त्याला स्वतःला माहीत नसतं. कात्रीने गोल कापला, डबीत बसवला.

दुपार. ओतलं. नाकाजवळ एक बुडबुडा आलाय, नथीसारखा दिसतो. चोवीस तास ठेवायला सांगितलंय. ताईच्या हेअर ड्रायरने चार तासांत होईल.

संध्याकाळ. झालं. मागून जरा चिकट आहे. पण मी स्वतः बघत बसलो, पाच मिनिटं फोनला हात लावला नाही. असं होत नाही माझं.

२९ नोव्हेंबर

हळद. सगळं लिहीत नाही.

थोडं लिहितो. राजलक्ष्मी पाटावर बसलेली, हळदीने पिवळीजर्द. मी लॉकेट दिलं. तिने डबी उघडली, बघितलं आणि रडायला लागली. बायकापण रडायला लागल्या. मी मनात मुलाखत देत होतो. ती लॉकेटला म्हणाली, "बाबा, बघा ना." मग वेणूमावशी वाकल्या. पदराने डोळे पुसून पुन्हा वाकल्या. म्हणाल्या, "आगं बया. हे तर भावजी!"

हौसेरावकाकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "आरं सन्या, मला कवा मारलास रं?"

त्यांना मुकादम केलं त्या दिवशीचा फोटो होता. हार सत्काराचा होता. चोवीस वर्षांपूर्वी टक्कल नव्हतं. ह्यात माझी काय चूक?

कोणीतरी हसलं, मग सगळा मांडव हसला. मावशी हसल्या नाहीत. "माझा फोटू कुटं हाय?" म्हणाल्या. घरून आणून दिला. मधलं भोक बघून त्या मांडवातच खाली बसल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग भोकाच्या शेजारच्या माणसावर बोट ठेवलं. "ह्ये." किडकिडीत, हसतोय. त्याचा चेहरा शाबूत. फक्त त्याचा एक हात मनगटाला संपतो, कारण पुढे माझी कात्री गेलीये.

राजलक्ष्मीने लॉकेट डोळ्याजवळ धरलं. हाराच्या कडेला चार बोटं आहेत. मला वाटलं होतं झेंडूच्या पाकळ्या. हार घालणारा माणूस सयाजीकाकाच होते.

मी लॉकेट परत मागितलं. तिने दिलं नाही.

३० नोव्हेंबर

लग्न झालं. ती लॉकेट घालूनच उभी होती. हौसेकाका येईल त्याला सांगत होते, "बघा, पोरीनं गळ्यात मला घातलंय." मी पंगतीत वाढत होतो. कोणी आर्टबद्दल विचारलं नाही. मठ्ठ्याबद्दल विचारलं.

२ डिसेंबर, दुपार

मावशींनी बोलावलं. वाटलं, आता शिव्या. गेलो तर हौसेकाका बसलेले, हातात स्वतःचा पासपोर्ट फोटो. म्हणाले, मला मधनं काढलास, आता माघारी बसीव. मी म्हणालो, रेझिन आणतो. मावशी म्हणाल्या, "त्येला हात लावशील तर बघ." त्यांनी ताटातली चार शितं घेतली, चुरडून खळ केली आणि फोटो भोकावर चिकटवला.

खाली चोवीस वर्षांपूर्वीचा अर्धा हार, वर आत्ताचं टक्कल. डोकं बाकीच्यांच्या दुप्पट. मी म्हणालो, स्केल चुकलंय. हौसेकाका म्हणाले, "मुकादम हाय. मोठंच दिसनार."

मावशींनी फोटो माझ्या पुढ्यात सरकवला. "कडंनं बोटं दाबून धर. वाळंस्तवर हालू नको."

धरून बसलो. फोन दोनदा वाजला, उचलला नाही. खाली कुठलातरी बँड चालला होता, बघायला गेलो नाही. अर्धा तास झाला असेल. मग मावशी जवळ आल्या आणि त्यांनी माझा अंगठा धरून हळूच बाजूला सरकवला.

सयाजीकाकांच्या तोंडावर आला होता.