कुंकू लावलेली माशी

नौपाडा, ठाणे
वैशाख शुद्ध सप्तमी, शके १८११

प्रिय वासंती,

तुला कल्याणास दिल्याला चौदा वर्षं झाली आणि मी धड एक पत्र लिहिलं नाही. दादाने आपल्याला एकाच पाटीवर अक्षरं शिकवली, तेव्हा तू म्हणायचीस, गोदा बोलते फार, लिहीत काही नाही. आता घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

परसातल्या डाळिंबाच्या फांदीवर लहान मधमाश्यांनी पोळं केलंय, तळहाताएवढं, अगदी उघड्यावर. कामं उरकली की मी तिथे जाऊन बसते. हसू नकोस. बाहेरून आलेली माशी पोळ्याच्या माथ्यावर उतरते, अंग थरथरवत एका रेषेत धावते, वळते, पुन्हा तीच रेष धावते. बाकीच्या तिच्यामागे फिरतात आणि उडून जातात. मला वाटलं, खाणं कुठे आहे ते ही सांगत असेल.

विहिरीपलीकडे वाटीत गुळाचं पाणी ठेवलं. तिथे आलेली माशी ओळखायला खूण हवी. हळद लावून पाहिली, ती दिसेना. मग वहिनीच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं. विधवेने त्याला हात लावू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. काडीने माशीच्या पाठीवर ठिपका दिला. अगं, ती पोळ्यावर आली आणि नेमकी विहिरीच्या दिशेने धावली. थोड्या वेळात वाटी माश्यांनी भरली. वाटी गोठ्यामागे नेली, तर ती गोठ्याच्या दिशेने धावू लागली. नवरा गेल्यापासून मी इतकी आनंदले नव्हते.

त्या भरात हात धुवायचा राहिला. वहिनीने बोटाला कुंकू पाहिलं आणि कोणासाठी लावतेस, एवढंच विचारलं. मी माश्यांचं सांगितलं. ते माझं मलाच खोटं वाटलं. दादाला डाळिंबापाशी नेलं. त्याने पोळ्याकडे पाहिलंच नाही. तिथून कुंपणापलीकडे कोणाचं घर दिसतं, ते पाहत राहिला.

माझी बहीण सकेशा राहील, विधवा म्हणून तिचे केस उतरवणार नाही, असं चारचौघांत सांगणारा हा दादा. परवा न्हावी यायचाय. दादाने तुझ्या यजमानांना लिहिलंय, म्हणजे तुझ्या कानावर येईलच. माझे केस तुझ्याने वाचणार नाहीत, ते मी मागतही नाही. पण ऐकशील तेव्हा एवढं खरं मान, ते कुंकू मी माशीलाच लावलं होतं. हे पत्र भाजीवाल्या बायजाच्या टोपलीतून जातंय. मान्य झालं तरी उत्तर लिहू नकोस, येणारी पत्रं दादा उघडतो. तुला पटलं की नाही, ते मला कळायचं नाही.

तुझीच,
गोदा