लाल मांडवातलं पांढरं

९ जून, रविवार

ज्यांच्या स्टुडिओत मी फोटो काढायला शिकते ते मास्तर काल मयताच्या भर मांडवात हसले. मी विधवेच्या खुर्चीशेजारी पांढरा कागद धरला, त्याचा फोटो काढला, कॅमेऱ्याला सांगितलं — या उजेडात हे पांढरं. एवढाच तो व्हाइट बॅलन्स. दोन मिनिटांचं काम.

‘माणसं रडताहेत आणि आमची दुफिए कागदाचा फोटो काढतेय. कागद वारलाय का गं?’

मयताचे मामासुद्धा हसले.

वर लाल ताडपत्री, खाली तीनशे माणसं. मास्तरांचा कॅमेरा बारा वर्षं ऑटोवर. त्यांच्या फोटोत सगळे लालभडक पाम तेलात बुडवून काढल्यासारखे. माझ्या फोटोत माणसांना माणसांचा रंग आहे. पण या कुमासी शहरात हे सांगायचं कुणाला!

११ जून, मंगळवार

मयताची थोरली बहीण, बोआतेमा, अल्बम घेऊन दुकानात आली. पान उघडून काउंटरवर आपटलं. माझा फोटो. विधवा, कोनादू. अंगावरचं कापड नारिंगी.

‘एक्केचाळिसाव्या वर्षी माझा भाऊ गेला. सगळे सुतकाच्या लाल-काळ्यात. आणि ही जत्रेला निघालेली?’

‘ताई, तुम्ही तिच्या शेजारीच होतात.’

‘मांडवात लालच दिसत होतं. मग फोटो खोटं बोलतो?’

मास्तरांनी लगेच आपले फोटो पुढे केले. त्यांत लाल. ‘ही कागदाशी खेळत बसली, रंग बिघडले. माफी माग, दुफिए.’

मी मागितली नाही.

जाताना बोआतेमा म्हणाली, रविवारी घरची बैठक आहे, तुम्ही दोघंही या. फोटो खरा ठरला तर कोनादूनं खोल्या रिकाम्या करायच्या. घर भावाचं, म्हणजे आमच्या रीतीनं बायकोचं नाही, आता त्याच्या बहिणींचं.

१२ जून

माझं पांढरं बरोबर होतं. बरोबरच होतं.

१४ जून, शुक्रवार

कॅमेरा आणि कागद घेऊन कोनादूकडे गेले. मला सिद्ध करायचं होतं. भर उन्हातला फोटो मास्तरांच्या तोंडावर मारायचा होता.

तिच्या दोन्ही मुली दारात मक्याच्या केंकेवरची पानं सोलत बसल्या होत्या. कोनादूनं काही न विचारता ते कापड अंगणातल्या दोरीवर टाकलं.

नारिंगी.

‘त्यानंच घेतलेलं,’ ती म्हणाली. ‘म्हणायचा, बाजारच्या गर्दीत तू मला लांबून दिसायला हवीस. वाटलं, लाल मांडवात कुणाला कळणार आहे. कळलंही नाही कुणाला.’

मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून — ‘तुलाच कळलं.’

फोटो काढला नाही. तशीच परत आले. राग आहे तेवढाच आहे. कुणावर, ते आता लिहवत नाही.

१६ जून, रविवार

बैठकीत बोआतेमानं अल्बम उघडला. कापड आणा, असं एकही माणूस म्हणाला नाही.

मी उभी राहिले. ‘चूक माझी. मला पांढरं जुळवता येत नाही.’

खोल्या कोनादूकडे राहिल्या. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी हसू दिलं.