सर इंटर्न होतात

२ मे
प्राचार्यांचं पत्र आलं. नव्या नियमानुसार प्रत्येक प्राध्यापकाने सुट्टीत सहा आठवडे उद्योगात इंटर्नशिप करायची. विभागप्रमुख व्हायचं तर प्रमाणपत्र सक्तीचं. तेवीस वर्षं मार्केटिंग शिकवणाऱ्या माणसाला मार्केटिंग एजन्सीत शिकायला पाठवतात म्हणजे कमाल आहे. पण मी याकडे वेगळ्या दृष्टीने पाहायचं ठरवलं आहे. मी शिकायला जात नसून मार्गदर्शन करायला जातो आहे. सौ.ला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, डबा न्यायचा आहे की तिथे मिळतं?
संकल्प: रोज दहा मिनिटं आधी पोचायचं. स्वतःच्या नोट्स जवळ ठेवायच्या. तरुण मंडळींना न्यूनगंड येईल असं काही बोलायचं नाही.

३ मे, सकाळी ९.२०
पोचलो. कुलूप. ऑफिस साडेदहाला उघडतं. जिन्यात बसून नोट्स चाळल्या. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. त्यांच्या रिसेप्शनिस्टने दोनदा येऊन विचारलं, कुठला दात?

३ मे, संध्याकाळी
माझी टीम लीडर माझीच विद्यार्थिनी निघाली. सहा-सात वर्षांपूर्वीची बॅच, शेवटचा बाक, खिडकीजवळ. आज एवढ्या पदावर आहे, म्हणजे वर्गात काहीतरी कानावर पडलंच असणार. तसं सूचकपणे म्हणालो. ती म्हणाली, सर, तुमची जागा तिकडे, प्रिंटरशेजारी. यंत्रसामग्रीजवळ अनुभवी माणूस हवा, हे तिला बरोबर कळतं.
डिझाइन करणारा एक हेडफोनवाला आहे. त्याने विचारलं, तू चहा घेणार का? इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात म्हणे. मी ऐकू न आल्यासारखं केलं. चहा आला नाही.

४ मे
पहिलं काम. क्लायंट एक गादीवाले. त्यांच्या दुकानासाठी वीस कॅप्शन लिहायच्या, प्रत्येकी दहा शब्दांच्या आत. मी विचारलं, ग्राहक कोण, सेगमेंट कोणतं? टीम लीडर म्हणाली, झोपणारी माणसं. हे व्याख्येत बसत नाही, पण पहिल्याच आठवड्यात चुका काढायच्या नाहीत असं ठरवलं.

७ मे
कॅप्शन परत आली. विसांपैकी एकच लिहिली होती, पण परिपूर्ण होती. चौपन्न शब्द. निद्रेची व्याख्या, गादीची तीन वैशिष्ट्यं, शेवटी निष्कर्ष. टीम लीडरने शांतपणे विचारलं, सर, हे वाचून दुकानात कोण येईल? मी म्हणालो, जो येईल तो पूर्ण समजून येईल. हेडफोनवाल्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. नजरेत आदर होता.

११ मे
ही मंडळी संशोधनाशिवाय काम करतात. म्हणून स्वतःहून बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली केली आणि दुकानात जाऊन उभा राहिलो. चार ग्राहक मिळाले. पहिल्याने घड्याळ पाहिलं. दोघांनी मला पाहून पायऱ्यांवरूनच पाठ फिरवली. एक बाई नवव्या प्रश्नापर्यंत टिकल्या, मग त्यांनी विचारलं, ही उशी केवढ्याला? मी म्हणालो, किंमत हा भाग सातव्या प्रकरणात येतो, आपण अजून दुसऱ्यात आहोत. त्या गेल्या.
गादीवाले काउंटरमागून सगळं बघत होते. प्रभावित झाले असावेत.

१२ मे
गादीवाल्यांचा एजन्सीत फोन. प्रभावित झालेले नव्हते.
खरा दोष सॅम्पलचा. चार माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही.

१६ मे
चार दिवस प्रिंटरचे कागद भरतो आहे. टीम लीडरला म्हणालो, माझा पूर्ण वापर होत नाहीये. ती म्हणाली, माहीत आहे, सर. सौ.लाही तेच सांगितलं. ती म्हणाली, ते मला लग्नापासून माहीत आहे.
संकल्प: पुढाकार घ्यायचा.

१८ मे, दुपारी १२.१५
संधी आली. गादीवाल्यांना प्रेझेंटेशन द्यायचं आहे आणि टीम लीडर दुसऱ्या क्लायंटकडे अडकली आहे. फोनवर म्हणाली, सर, सहा स्लाइड आहेत, तेवढ्याच दाखवा, फार बोलू नका, ते विचारतील त्याचं उत्तर द्या. तिच्या स्लाइड पाहिल्या. एकीत नुसता गादीचा फोटो. एकीतही व्याख्या नाही. माझ्या एकेचाळीस स्लाइड तयारच आहेत. दुसऱ्या वर्षाला त्याच दाखवतो. बिचारीची इभ्रत वाचवायला हवी.

१८ मे, संध्याकाळी
अडतिसाव्या स्लाइडला गादीवाल्यांनी हात वर केला. मी म्हणालो, शंका शेवटी. ते म्हणाले, शंका नाही, माझी गादी यात कुठे आहे? मी म्हणालो, ती उदाहरण म्हणून चाळिसावीत घातली आहे. ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले की काम दुसरीकडे देतो.
तीन स्लाइड राहून गेल्या. त्यात सगळं होतं.

१९ मे
एजन्सीच्या मालकीणबाई आल्या. काचेच्या खोलीत टीम लीडरला अर्धा तास उभं केलं. काचेतून ऐकू येत नाही, पण दिसतं. गादीवाले हा तिने स्वतः आणलेला पहिला क्लायंट होता, हे हेडफोनवाल्याने मला आज सांगितलं. मला वाटलं, आता ती माझं नाव सांगणार. बाहेर आली आणि म्हणाली, स्लाइड मी तपासायला हव्या होत्या, असं सांगितलं आहे, सर. तुम्ही जेवून घ्या.
हे खरं नेतृत्व. प्रकरण अकरा. मी न राहवून विचारलं, माझ्या पेपरात तुला किती होते? ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, दोनदा नापास. मग मला ती उत्तरपत्रिका आठवली. एका प्रश्नात उदाहरण द्यायचं होतं. तिने आईच्या सुई-दोऱ्याच्या दुकानाबद्दल दोन पानं लिहिली होती. कोणतं गिऱ्हाईक कोणत्या रंगाची रिळं मागतं, का मागतं, कुणाला न दुखावता उधारीला नाही कसं म्हणायचं. मी समासात लाल शाईने लिहिलं होतं, अवांतर.
मी म्हणालो, त्या वेळी उत्तरपत्रिका तपासायचे नियमच तसे होते. ती म्हणाली, हो सर.
नियम तसेच होते. डबा घरी परत आणला. सौ.ने विचारलं, भाजी बिघडली का? हो म्हणालो.

२० मे, रविवार
कुणाला न सांगता दुकानात गेलो. गादीवाल्यांना समजावायला एक छोटं भाषण तयार केलं होतं, सव्वीस मुद्द्यांचं. त्यांनी पहिल्या मुद्द्यालाच एक स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, मास्तर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथे गप्प बसा, मग ऐकतो तुमचं.
बसलो. अडीच तास. कारकिर्दीतला विक्रम असावा.
एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांची पाठ धरलेली. आजी म्हणाल्या, यांच्या हलण्याने मला झोप येत नाही, मी आठ महिने जमिनीवर निजते, पण यांना सांगितलेलं नाही, हे झोपले की उतरते आणि उठायच्या आत परत वर जाते. आजोबा म्हणाले, मला माहीत आहे, मी जागाच असतो. गादीवाल्यांनी किंमत सांगितली नाही, नमुना दाखवला नाही. विचारलं, घरची गादी किती वर्षांची? मग म्हणाले, आधी तीच उलटी करा, खाली सपाट फळी घाला, पंधरा दिवस बघा, नाही जमलं तर या. पायऱ्या उतरताना आजोबांना धरून खाली नेलं.
मी म्हणालो, गिऱ्हाईक गेलं तुमचं. ते म्हणाले, गिऱ्हाईक कुठे गेलं, पाठ दुखत होती ती गेली तर बरं.
जेवणाची सुट्टी झाली. ते म्हणाले, बोला आता. सव्वीसपैकी एकही मुद्दा आठवेना. बहुधा ऊन फार होतं.

२१ मे
टीम लीडरच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'आधी जुनी गादी उलटून बघा. मग आमच्याकडे या.' आठच शब्द होतात. तिने ती दोनदा वाचली. म्हणाली, सर, हे चांगलं आहे. मला रुमाल काढावा लागला. ए.सी. फार थंड ठेवतात.
लगेच सुचवलं की यावर बारा पोस्टची मालिका करू, जुन्या गादीचे बारा आयाम. ती म्हणाली, नको सर, एवढंच राहू दे.

२८ मे
वाक्य दुकानाच्या काचेवर लागलं. गादीवाले परत आले. एकच अट घातली, सर दुकानात किंवा मीटिंगला नकोत. माझ्यासमोर त्यांना मोकळेपणाने बोलता येत नसावं. हेडफोनवाल्याने आज विचारलं, सर, चहा? घेतला. साखर जास्त होती, पण काही म्हणालो नाही.

१४ जून
शेवटचा दिवस. प्रमाणपत्र मिळालं. 'विशेष योगदान' या रकान्यात टीम लीडरने लिहिलं आहे: सहा आठवड्यांत एक चांगलं वाक्य लिहिलं. सौ.ने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, मुलगी खरं बोलणारी दिसते.
निघताना टीम लीडरला त्या उत्तरपत्रिकेबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. वाक्यही जुळवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, प्रिंटरचा खालचा ट्रे अडकतो, बघून घे.

२१ जून
प्राचार्यांनी प्रमाणपत्र न वाचता फाइलला लावलं. विभागप्रमुखपद संख्याशास्त्राच्या मॅडमना गेलं. त्यांनी इंटर्नशिप विमा कंपनीत केली आणि तिथे सगळ्यांनी त्यांचं ऐकलं म्हणे. मला पदाचा मोह कधीच नव्हता. दोन दिवस कॉलेजला गेलो नाही, ते सर्दीमुळे.
संकल्प, शेवटचा आणि एकच: यंदा नोट्स सांगायच्या नाहीत. दहा मिनिटं बोलायचं, उरलेला वेळ मुलांचं ऐकायचं.

२५ जून, दुपारी १२.०५
पहिला तास झाला. नोट्स मुद्दाम स्टाफरूममध्ये ठेवून गेलो. वर्गाला विचारलं, तुम्ही शेवटची कोणती वस्तू विकत घेतली आणि का? मग पुढून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, सर, मी एक नंबर मोठे बूट घेतले, कारण दुकानदार म्हणाला की,
इथे मला जाणवलं की तिचं उदाहरण ग्राहकाच्या निर्णयप्रक्रियेत अगदी चपखल बसतं. वर्गाला तेवढंच सांगायला तिला थांबवलं. मग व्याख्या आली, मग पाच टप्पे. नोट्स नसतानाही सगळं तोंडपाठ निघालं. मुलं भराभर लिहून घेत होती.
घंटा झाली. वही मिटून दाराकडे वळलो तेव्हा दिसलं, ती मुलगी अजून उभी होती. तिला बस म्हणायचं राहून गेलं होतं.